जरीचं आधीचं नाव

जर्मनीला जाण्याच्या आदल्या दिवशी मधुवंतीने फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर लाल पेनाने लिहिलं होतं: आधी चिप. मग रेबीजचं इंजेक्शन. त्यानंतर तीस दिवसांनी रक्ताची तपासणी. रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. मग दाखला, मग विमान. खाली दोन रेघा मारून, ‘क्रम चुकवू नका. एक चुकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.’

हे सगळं मांजरीचं होतं. नवऱ्यासाठी त्याच कागदाच्या कोपऱ्यात दोन शब्द होते: ‘जर्मन शिका.’

रविंद्र भुसारी नागपूरच्या गांधीबागेत ताराचंद शेठच्या दुकानात साड्या दाखवायचा. सोळा वर्षं एकच दुकान, एकच गादी. मधुवंती नर्स. दोन वर्षं रात्रपाळ्या करून करून ती जर्मन शिकली, परीक्षा पास झाली आणि एप्रिलमध्ये श्टुटगार्टजवळच्या एका गावात इस्पितळात रुजू झाली. आधी तिने जायचं, खोली बघायची, कागद करायचे, आणि थंडीच्या सुरुवातीला रविंद्र आणि जरीने मागून यायचं, असं ठरलं होतं. ठरवलं तिनेच होतं. रविंद्रने ‘हो ना, बघू’ म्हटलं होतं, आणि त्याच्या ‘बघू’चा अर्थ अख्ख्या गांधीबागेला माहीत होता.

जरी म्हणजे मांजर. चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर दुकानाच्या गोदामात सुरतेहून आलेल्या गठ्ठ्यांच्या मागे ती सापडली होती. अंगाने पिवळसर, पाठीवर एक चमकता पट्टा, म्हणून जरी. घाबरून तीन दिवस काही खाल्लं नव्हतं तिने. रविंद्रने डब्यातली भाकरी दुधात कुस्करून पुढे केली, तिने ती हुंगली, रविंद्रकडे असं पाहिलं की जणू त्याने कमी दर्जाचा माल दाखवलाय, आणि मग खाल्ली. त्या संध्याकाळी ती पिशवीत बसून घरी आली, आणि घर तिचं झालं.

मे महिन्यात एका रविवारी सकाळीच, ऊन चढायच्या आत, रविंद्र तिला घेऊन डॉक्टर पुष्करकडे गेला. पुष्कर तरुण होता, जनावरांशी गोड बोलायचा आणि त्यांच्या मालकांशी जरा कमी. त्याने चिपची सुई काढून ठेवली.

“दोन मिनिटांचं काम हाये, भाऊ. तांदळाच्या दाण्याएवढी चिप. मानेखाली टोचायची. तिच्यात नंबर राहते, तो नंबर म्हणजे हिचं आधार कार्ड समजा.”

सुई टोचण्याआधी त्याने सवयीने जरीच्या पाठीवरून वाचायचं यंत्र फिरवलं. यंत्र वाजलं. पुष्करने भुवया वर केल्या, पुन्हा फिरवलं. पुन्हा वाजलं.

“भाऊ, हिले चिप लावेल हाये आधीच.”

“कोणं लावली?”

“ते मले काय मालूम! तुम्ही कुठून आणली ही?”

“गोदामातून.”

पुष्करने पंधरा आकडी नंबर कागदावर उतरवला, कॉम्प्युटरवर टाकला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग खुर्ची फिरवून म्हणाला, “ही नोंद मस्कतची हाये.”

“मस्कत म्हणजे?”

“ओमान. समुद्रापलीकडे. भाऊ, तुमची मांजर विमानानं आलेली दिसून राहिली.”

रविंद्रने जरीकडे पाहिलं. तो स्वतः एकदाही विमानात बसला नव्हता. आजवर तो या मांजरीला समजावत होता की घाबरायचं नाही, विमान म्हणजे मोठी ऑटोच. जरी टेबलावर पंजा चाटत होती.

पुष्करने दोन रस्ते सांगितले. एक, दुसरी चिप टोचायची, जुनीचं नाव काढायचं नाही आणि आपलं काम पुढे न्यायचं. दुसरा, जिथे नोंद होती तिथे मेल पाठवायचा. ते लोक मालकाला कळवतील, पुढे मालक आणि तुम्ही.

“पहिल्यात कोणाले पत्ता लागणार नाही,” पुष्कर म्हणाला. “पण मी तुम्हाले सांगितलं नाही असं नको व्हायला.”

रविंद्रने रात्रभर विचार केला असं म्हणता येणार नाही. तो दहा मिनिटं दवाखान्याच्या पायरीवर बसला, एवढंच. दुकानात एकदा एक बाई पैठणीची पिशवी विसरून गेली होती. शेठजींनी ती सात महिने कपाटात ठेवली होती आणि सात महिन्यांनी बाई आली तेव्हा रडली होती. साडीसाठी माणूस एवढं रडतं. तो आत गेला आणि म्हणाला, “मेल करा.”

मधुवंतीला त्याने हे संध्याकाळी व्हिडिओवर सांगितलं. ती नुकतीच कामावरून आली होती, मागे एक पलंग, एक खुर्ची आणि खिडकी. एवढीच खोली.

“तुम्ही काहून केला मेल?” तिचा आवाज चढला. “चार वर्षं कोणी विचारलं नाही तिले!”

“कोणी शोधत असंल तर, मधू?”

“आणि मी जे इथं वाट पाहून राहिली ते?”

तिने फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी तिचा मेसेज आला: ‘बरोबर केलं. पण मला राग आला आहे.’

चौथ्या दिवशी दुकानात ऐन गर्दीत फोन वाजला. स्वच्छ, शाळेत वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज होता.

“रविंद्र भुसारी का? मी यमुना देशकर. सगळे यमुताई म्हणतात. तुमच्याकडे माझी खजूर आहे असं कळलं.”

“खजूर नाही ठेवत आम्ही, ताई. साड्यांचं दुकान हाये.”

पलीकडे हसणं, आणि हसता हसता आवाज फुटला. “मांजर हो. माझी मांजर. खजूर नाव तिचं. ती खरंच जिवंत आहे?”

यमुताई राहत होत्या धरमपेठेत. मस्कत, समुद्र, विमान सगळं ऐकून रविंद्रने मालक कुठेतरी अरबस्तानात असेल असं धरलं होतं, आणि बाई निघाल्या ऑटोने पंधरा मिनिटांवर.

रविवारी त्या आल्या. पासष्टीच्या पुढच्या, सुती साडी, पायात बूट, हातात जाडजूड फाईल. बावीस वर्षं मस्कतच्या भारतीय शाळेत त्यांनी गणित शिकवलं होतं. शाळेच्या आवारात खजुराच्या झाडाखाली हे पिल्लू सापडलं. निवृत्त होऊन नागपूरला आल्या तेव्हा तिला सोबत आणलं. दोन महिन्यांत दिवाळी आली, शेजारच्या गच्चीवर सुतळी बॉम्ब फुटला आणि स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून ती गेली.

“खिडकी मीच उघडी ठेवली होती,” यमुताई म्हणाल्या. “फोडणीचा धूर झाला म्हणून. चार वर्षं ती खिडकी लावूनच स्वयंपाक करते मी.”

धरमपेठेतून गांधीबागेपर्यंत ती कशी पोचली, कुठल्या टेम्पोत चढली, हे जरीलाच ठाऊक. ती या वेळी कपाटावर बसली होती. अनोळखी माणूस आलं की तिथे चढायचं आणि ते जाईपर्यंत उतरायचं नाही, हा तिचा नियम. रविंद्रने मनात म्हटलं, नाही उतरणार. आजपर्यंत कोणासाठी उतरली नाही.

यमुताई खाली उभ्या राहिल्या आणि हळूच अरबीत म्हणाल्या, “तआली. तआली, या हिल्वा.” ये, ये गं गोडुले.

जरीचे कान उभे झाले. ती कपाटाच्या कडेला आली, खाली वाकून बघितलं, आणि कपाटावरून टेबलावर, टेबलावरून खुर्चीवर अशी उतरत यमुताईंच्या मांडीवर जाऊन बसली. यमुताईंनी डोळे मिटून घेतले. रविंद्र चहा करायला म्हणून आत गेला आणि गॅस न पेटवता तसाच उभा राहिला. चार वर्षं आपण हिच्याशी मराठीत बोलत होतो, आणि हिची भाषा दुसरीच होती.

चहा झाल्यावर यमुताई सरळच म्हणाल्या, “मी तिला घेऊन जायला आले आहे, रविंद्र. तुम्हाला वाईट वाटेल, पण खोटं कशाला बोलू.”

“तुमचीच हाये, मॅडम,” तो म्हणाला. बाई कधी ताईच्या मॅडम झाल्या ते त्यालाही कळलं नाही. “फक्त एक. माझी बायको परदेशात हाये. तिले एकदा दाखवून द्या. मंग न्या.”

फोन लावला. मधुवंती रडणार, भांडणार अशी त्याला भीती होती. तिने दोन्ही केलं नाही. तिने यमुताईंना नमस्कार केला, जरीकडे बघितलं आणि विचारलं, “ती तुमच्याकडे पण सकाळी पाचला उठवायची का?”

“पाच? साडेचार!” यमुताई म्हणाल्या. “नाकावर पंजा ठेवून.”

“माझ्या डोळ्यावर.”

मग दोघी बोलायला लागल्या. रविंद्र फोन धरून धरून थकला तेव्हा त्याने तो डब्याला टेकवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आतून तुकडे ऐकू येत होते. मधुवंती सांगत होती की तिच्या मजल्यावर सगळे चांगले आहेत, पण दारं बंद. रविवारी दुकानं बंद. कामावर दिवसभर जर्मन बोलून तोंड दुखतं, आणि घरी आल्यावर मराठीसुद्धा बोलायला कोणी नसतं. हे तिने रविंद्रला कधी सांगितलं नव्हतं. त्याला ती रोज म्हणायची, मजेत आहे.

“मी पहिल्या वर्षी पालीशी बोलायचे,” यमुताई म्हणत होत्या. “शाळेच्या क्वार्टरच्या भिंतीवर होती एक. तिला रोज संध्याकाळी सांगायचे, आज कोणाचा पाढा चुकला. एक दिवस ती दिसली नाही तर मी जेवले नाही. पालीसाठी! मुली, पहिलं वर्ष कसं असतं ते मला कोणी सांगायला नको.”

बराच वेळ गेला. यमुताई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मांजर नव्हती. त्या रविंद्रच्या बाजूला ओट्यावर बसल्या.

“मी तिला नेत नाही आहे,” त्या म्हणाल्या.

“मॅडम...”

“मध्ये बोलू नका. मला ती हवी आहे, खूप हवी आहे. पण मला आता इथे माणसं आहेत. भाची येते, शेजारीण येते, योगासनांचा वर्ग आहे. तुमच्या बायकोला तिथे पालसुद्धा नाही.” त्यांनी नाक पुसलं. “माझ्या दोन अटी आहेत. कागदांवर तिचं नाव जरी खजूर भुसारी असं लागेल. आणि तिला न्यायची कशी हे मी शिकवणार. तुमची तयारी शून्य आहे. मी आल्या आल्या पाहिलं, घरात मांजर न्यायची पिशवीसुद्धा नाही.”

पुढच्या रविवारी त्या पिशवी घेऊन आल्या. मऊ, दोन बाजूंना जाळी असलेली, विमानात पायाशी मावेल अशी. मस्कतहून जरी हिच्यातूनच आली होती. यमुताईंनी पिशवी दिवाणखान्याच्या मधोमध उघडी ठेवली आणि हुकूम सोडला: जेवण आत, खेळणं आत, पण कोणी तिला आत ढकलायचं नाही. तिची ती गेली पाहिजे. आठ दिवस जरी पिशवीला वळसा घालून गेली. नवव्या दिवशी रविंद्र दुकानातून आला तर ती आत झोपली होती.

जूनमध्ये इंजेक्शन झालं. जुलैत रक्त घेतलं, ते बाहेरदेशी तपासणीला गेलं. निकाल चांगला आला तेव्हा पुष्करने स्वतः फोन केला. रविंद्रचा मात्र निकाल लागत नव्हता. तो जर्मनच्या वर्गाला जात होता, सगळ्यात मागे बसत होता आणि घरी आल्यावर जरीपुढे धडा म्हणत होता. “दास इस्ट आइन टिश. हे टेबल हाये. डी कात्से. तू.” जर्मनमध्ये टेबल पुरुष, दार बाई, आणि मुलगी ना पुरुष ना बाई, मांजर तेवढी बाईच. रविंद्रला त्या भाषेतलं तेवढंच पटलं.

गणपती झाले, दसरा आला, दुकानात गर्दी लोटली. रविंद्र शेठजींना अजून काहीच बोलला नव्हता. तिकीटही काढलं नव्हतं. एका संध्याकाळी त्याने मधुवंतीला मनातलं विचारूनच टाकलं.

“खरं सांग वं मधू. तू जरीले बोलावून राहिली का मले?”

ती हसली नाही. “खरं सांगू? मांजर नसती ना, तर तुम्ही आलाच नसता. सीझन होऊ दे, लग्नसराई होऊ दे, शेठजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे. स्वतःची तारीख तुम्ही कधी पाळली हाये? मांजरीची एकबी चुकवली नाही. मले माहीत होतं. तिचे कागद झाले की तिले कोणी तरी घेऊन या लागते.”

आपल्याला इतकं आरपार ओळखणारं माणूस सात हजार किलोमीटर दूर बसलंय, हे रविंद्रला त्या क्षणी पहिल्यांदा नीट टोचलं.

दुसऱ्या दिवशी त्याने शेठजींना सांगितलं. ताराचंद शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मैं तो अप्रैल से राह देख रहा था कि तू कब बोलेगा,” ते म्हणाले. “तिकडे साडी कोण नेसतं रे? काय करशील?”

“आधी भाषा शिकतो, शेठजी. मंग जे भेटन ते.”

शेठजींनी मधुवंतीसाठी एक साडी काढायला लावली. सोळा वर्षांत पहिल्यांदा रविंद्र गादीच्या समोर बसला आणि दुसऱ्याने त्याला साड्या दाखवल्या. त्याने इतका वेळ लावला की दाखवणारा वैतागला.

रविंद्र परीक्षेत काठावर पास झाला, व्हिसा आला आणि नोव्हेंबरच्या शेवटी तो आणि जरी निघाले. दिल्लीपर्यंत रेल्वे, पहिल्या वर्गाचा बंद डबा, कारण तिथेच मांजर चालते. स्टेशनवर यमुताई आल्या होत्या. त्यांनी जाळीला बोट लावलं, अरबीत काहीतरी पुटपुटल्या आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागल्या. दिल्लीत सरकारी डॉक्टरांनी जरीला तपासलं, कागद तपासले, दाखला दिला. यमुताईंनी फाईल अशी लावली होती की साहेबांनी विचारायच्या आत कागद पुढे येत होता.

विमानतळावर सुरक्षा तपासणीपाशी मात्र फाईलचा उपयोग नव्हता. जवान म्हणाला, पिशवी यंत्रातून जाईल, बिल्ली बाहेर काढा. समोर शेकडो माणसं, बॅगा, चाकांची खडखड. इथे ही सुटली तर दिल्लीचा अख्खा विमानतळ पालथा घालावा लागेल. रविंद्रने चेन उघडली. जरी बाहेर आली, त्याच्या खांद्यावर चढली, स्वेटरमध्ये चारही पंजांची नखं रोवली आणि हनुवटीखाली डोकं खुपसलं. तो तसाच चौकटीतून गेला. नखं कातडीपर्यंत पोचली होती. पलीकडे गेल्यावर जवानाने हात पुढे केला तो झडती घ्यायला नव्हे. त्याने जरीच्या पाठीवरून दोन बोटं फिरवली. “शेरनी है,” तो म्हणाला.

विमानात जरी झोपली. रविंद्र जागा राहिला.

फ्रँकफुर्टला त्याने कस्टमच्या खिडकीपाशी पिशवी ठेवली. तीन आठवडे पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं. “गुटेन मॉर्गेन. इश हाबं आइनं कात्से.” नमस्कार, माझ्याकडे मांजर आहे. अधिकारी बाईंनी कागद पाहिले, चिप वाचली आणि जर्मनमध्ये भराभर काहीतरी विचारलं. त्यातलं ‘हाइस्ट’ तेवढं रविंद्रला कळलं. नाव. त्याने पूर्ण सांगितलं, “जरी खजूर भुसारी.” बाईंनी ते वाचायचा प्रयत्न केला, दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं आणि शिक्का मारला.

दार उघडलं तर समोर मधुवंती. जाड कोट, लोकरी टोपी, नाक लाल झालेलं. ती धावत आली नाही, कारण पुढे एक म्हातारं जोडपं सामानाची गाडी घेऊन वाट अडवून उभं होतं. तिने त्यांना जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं, ते बाजूला झाले. आपली बायको परक्या मुलखात माणसं बाजूला सारते, हे बघून रविंद्र इतका चकित झाला की तिने त्याला मिठी मारली तेव्हा त्याच्या हातातली फाईल खाली पडली. मग दोघं तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, कागद गोळा करत बसले.

नव्या घरी जरीने सगळे कोपरे हुंगले आणि खिडकीत जागा धरली. दुसऱ्या दिवशी मधुवंती कामावर गेली तेव्हा रविंद्रला एक काम देऊन गेली: जरीच्या शी-शूच्या ट्रेसाठी वाळू आणायची, कोपऱ्यावरच्या दुकानातून, एकट्याने. तो अर्धा तास आरशासमोर बोलला. दुकानात जाऊन म्हणाला, “जांड, बिट्टे.” वाळू द्या. दुकानदाराने एकदाही परत न विचारता एक गोणी काढून दिली. पहिलं वाक्य, पहिल्या फटक्यात! तो बर्फाळ फुटपाथवरून गोणी खांद्यावर घेऊन ताठ मानेने घरी आला.

संध्याकाळी मधुवंतीने गोणीवरचं वाचलं आणि कोटासकट पलंगावर बसली. “अहो, ही पक्ष्यांच्या पिंजऱ्यात घालायची वाळू हाये.” तिला हसू आवरेना. हसता हसता तिने टोपी काढून डोळे पुसले. “पोपटासाठी आणली तुम्ही!”

रविंद्र ट्रेकडे बघत होता. जरी आत उतरली, दोनदा उकरलं, आपलं काम उरकलं, नीट झाकलं आणि शेपटी वर करून बाहेर आली.

“चाललं की मंग,” तो म्हणाला. “तिची काही तक्रार दिसत नाही.”